पुठ्ठा आधी, लोखंड मागून: मुलांना बरोबर घेऊन विज्ञान केंद्र उभं करताना

आमच्या केंद्रातली पहिली मांडणी आता माझ्या टेबलाखाली असते. ॲक्रिलिकची स्वच्छ पेटी, आत तीन कप्प्या, पितळी आकडे, बाहेर आलेली एक दोरी आणि खाली रेखीव अक्षरातली पाटी. एका फॅब्रिकेटरकडून ती करून घेतली तेव्हा १८ हजार रुपये लागले होते, आणि ते लोकांनी विश्वासाने दिलेल्या देणगीतले होते. उद्घाटनाला आलेल्या सातवीतल्या एका मुलीने दोरी ओढली, वजन वर गेलं. सोडली, वजन खाली आलं. असं दोनदा झालं आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हे तर झालेलंच हाय. आम्ही काय करायचं?"

मी तिला कप्पीमुळे जोर कसा कमी लागतो ते सांगितलं. तिने मान डोलावली आणि पाणी प्यायला गेली.

मी २४ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं आहे, तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या वासात, एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र चालतं. गेल्या नऊ वर्षांत आम्ही ३१ मांडण्या केल्या. त्यातल्या १९ आज वापरात आहेत, बाकीच्या मोडल्या किंवा आम्हीच मोडीत काढल्या. त्या मुलीच्या प्रश्नानंतर एकही मांडणी आम्ही मुलांना वगळून केलेली नाही. आजूबाजूच्या गावांतून शिक्षक, वाचनालयाची माणसं, क्वचित एखादे सरपंचही विचारायला येतात, "आम्हाला पण अशी एक खोली करायची आहे, काय काय घ्यावं लागेल?" त्यांना मी तोंडी जे सांगते ते इथं लिहून ठेवते.

घ्यायचं काही नाही, आधी मुलं बोलवा. आठ ते दहा पुरतात. शाळेला "हुशार मुलं पाठवा" असं सांगू नका, कारण मग शिक्षकांना खूश करणारी मुलं येतात आणि जे दाखवाल ते "छान आहे" म्हणतात. मी पाचवी ते आठवीतली मुलं घेते, त्यात दोन तरी शेवटच्या बाकावरची, एखादं घरात मोटर किंवा मिक्सर खोलून बसणारं, आणि एखादं कुणाचं तरी लहान भावंड. भावंड मुद्दाम घ्या. मोठी मुलं जिथं लाजून गप्प बसतात तिथं ते सरळ विचारतं. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी दोन ते साडेचार ही वेळ सोयीची पडते. मुलं जेवून येतात, तरी चार वाजता भडंगाच्या पुड्या लागतातच, त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. पालकांची लेखी परवानगी घ्या. त्यातले काही विचारतील, "ह्याचे मार्क धरतात का?" त्यांना मी आत बोलावते आणि अर्धा तास बसवते. बहुतेक जण मग उठायला तयार होत नाहीत.

पहिल्या दोन शनिवारी काही बनवायचं नाही. भिंतीला पाठकोरे कागद चिकटवायचे आणि मुलांना आपापल्या घरातले, गल्लीतले, शेतातले प्रश्न लिहायला सांगायचं. सुरुवातीला पुस्तकी प्रश्न येतात. ब्लॅक होल येतं, डायनासोर येतात. येऊ द्या, तेही लिहा. दुसऱ्या शनिवारी पुस्तकं संपतात आणि खरे प्रश्न यायला लागतात. आमच्या भिंतीवरचे काही असे होते: ऊस तोडला की बुडख्याकडचं कांडं जास्त गोड का? बोअरचं पाणी उन्हाळ्यात कोमट का लागत नाही? कुंकू हळदीचं असतं तर लाल कसं? आणि एका मुलाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाणी आयर्विन पुलावर ४० फूट झालं म्हणतात, मग आमच्या घरात ४० फूट का नाही आलं?

हा शेवटचा प्रश्न वाचून मी खुर्चीवर बसले. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी हे आकडे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतात. पण पट्टीवरचं शून्य जमिनीवर नसून खाली नदीच्या पात्रात असतं, हे आपण मुलांना कधी सांगितलंच नाही.

पुराचा ट्रे

तिथून आमची सगळ्यात जास्त वापरली गेलेली मांडणी सुरू झाली. ती कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण बाकी सगळ्या मांडण्या याच वाटेने गेल्या.

पहिला ट्रे म्हणजे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद होता. वर वाळू. मुलांनी बोटाने दोन नद्या काढल्या, कृष्णा आणि वारणा, आणि त्या हरिपूरला मिळवल्या. पाणी घालायला तांब्या घेतला तर सगळं एका दणक्यात वाहून गेलं. पाण्याची धार कमी-जास्त कशी करायची यावर एक अख्खा शनिवार गेला. तोट्या आणल्या, त्या गळायच्या. ज्याची आई दवाखान्यात नर्स आहे अशा एका मुलाने पुढच्या आठवड्यात सलाईनचा नवाकोरा सेट आणला. त्याच्या नळीवर जी चाकी असते ती अंगठ्याने सरकवली की धार बारीक होते, थेंब-थेंबही करता येते. बाजारात याहून चांगला नळ मला आजवर मिळालेला नाही, आणि तो काही रुपयांत येतो. फक्त कोरा, न वापरलेला सेटच घ्या, सुई आपण काढून टाका आणि नळी मुलांच्या हातात मगच द्या.

दोन बाटल्या उंचावर टांगल्या. एकीवर कृष्णा, दुसरीवर वारणा लिहिलं. एकच चाकी उघडली तर पाणी निवांत वाहून जातं. दोन्ही उघडल्या की संगमापाशी पाणी चढतं आणि मागे फुगायला लागतं. फुगवटा हा शब्द मुलं पेपरात वाचतात, बातम्यांत ऐकतात. तो त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. कुणीही ओरडलं नाही. सगळी पोरं ट्रेवर वाकली होती आणि नुसता पाण्याचा आवाज होता.

मग घरं आली. आम्ही शाडूचे लहान ठोकळे केले होते. कर्नाळ रस्त्याकडे राहणारी एक मुलगी कडेला उभी होती, तिने हात लावला नाही. २०१९ ला तिचं घर छतापर्यंत पाण्यात होतं, हे मला नंतर कळलं. मी तिला आग्रह केला नाही. असा विषय घेणार असाल तर हे आधीच ठरवून ठेवा की कुणालाही पुढे ढकलायचं नाही आणि "तुझ्या घरी काय झालं ते सांग" असं चारचौघांत विचारायचं नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी ती आपणहून आली, काडेपेटीतल्या चार काड्या ठोकळ्याखाली खोचल्या आणि तो पात्राजवळ ठेवला. "हे आमचं. हे ह्या खेपेला बुडायचं नाही." पाणी आलं, काड्यांच्या खालून वाळू गेली आणि घर कललं. तिने ते उचललं, काड्या लांब केल्या, खोल रोवल्या, पुन्हा ठेवलं. पाच वेळा. पाचव्या वेळेला ते उभं राहिलं. पायाशी वाळू कशी खणली जाते हे त्या मुलीने त्या दिवशी जितकं पाहिलं तितकं मी कुठल्याही धड्यातून शिकवू शकले नसते.

ओढा बुजवायची कल्पनाही मुलांचीच. नदीला मिळणाऱ्या एका छोट्या ओढ्याच्या तोंडावर त्यांनी शाडूचा गोळा थापला, कारण "आमच्या इकडं बिल्डिंग झालीय तिथं". मागचं पाणी नदीत जायला वाट न मिळून तिथंच तुंबलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ट्रे पाहिल्यावर मोठी माणसं लगेच, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथला पूर वाढतो की नाही, हा वाद काढतात आणि ट्रेने निकाल द्यावा अशी अपेक्षा करतात. सहा फुटांच्या वाळूत तो निकाल लागत नाही. आपला ट्रे प्रमाणात नसतो, उंची कितीतरी पटीने फुगवलेली असते, वाळू आणि खरी माती सारखी वागत नाही. म्हणून आमच्या पाटीवर दुसरीच ओळ अशी आहे: "हा ट्रे खऱ्या नदीसारखा दिसतो, पण खऱ्या नदीची मापं यात नाहीत." ही ओळही मुलांच्या भांडणातून आली. एकाने मोजपट्टी लावून सांगितलं की या हिशेबाने आयर्विन पूल इथं चार मजली होईल. आयर्विन पूल १९२९ चा आहे आणि तो चार मजली नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

पुठ्ठ्याच्या ट्रेनंतर थर्माकोलचा झाला, मग प्लायचा, आणि सातव्या खेपेला कुपवाड एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा करून घेतला. सहा ट्रे फेकले त्यांचा मिळून खर्च दोन हजारांच्या आत होता. पहिलाच स्टीलचा केला असता तर तो इतका उंच झाला असता की पाचवीतल्या मुलांना आत बघताच आलं नसतं. आजचा ट्रे जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, मुलं कोपर टेकून कुठं आरामात उभी राहतात ते बघून आम्ही खडूने भिंतीवर रेघ मारली होती.

गप्प बसून बघा

मुलं पुठ्ठ्याशी खेळत असताना तुमचं काम बघायचं. शिक्षकाला हे फार जड जातं, मला अजून जातं. मी हातात वही आणि तोंडात लवंग ठेवते, म्हणजे बोलायची उबळ येत नाही.

वहीत मी चार गोष्टी टिपते. मूल आल्यावर पहिला हात कुठं गेला. ते किती वेळ थांबलं. काय करून झाल्यावर सोडून गेलं. आणि परत आलं का. परत येणं सगळ्यात मोलाचं. तीन मिनिटं थांबून गेलेल्या मुलापेक्षा एक मिनिट थांबून, मित्राला हाताला धरून परत आणणारं मूल मांडणीबद्दल जास्त सांगतं. दहा मुलांचं असं टिपून झालं की फक्त एकच गोष्ट बदला आणि पुढची दहा मुलं बघा. उत्साहात आपण एकदम तीन गोष्टी बदलतो आणि मग सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. "आवडलं का?" असं विचारू नका. हो म्हणतील. "तुझ्या भावाला इथं काय करायचं ते कसं सांगशील?" असं विचारा. त्या सांगण्यात मांडणीतला घोळ उघडा पडतो.

आणि मुलांनी "चुकीचं" काही केलं तर थांबवू नका, फक्त इजा होणार नाही एवढं बघा. चुकीच्या वापरातून आमची सगळ्यात सुंदर मांडणी मिळाली आहे.

मिरजेचा भोपळा

मिरजेत तंतुवाद्यं बनतात हे महाराष्ट्राला माहीत आहे, पण आमच्या केंद्रातल्या निम्म्या मुलांनी तंबोरा जवळून पाहिला नव्हता. एका कारागिराने त्यांना एक तडा गेलेला भोपळा आणि जुनी घोडी देऊ केली. घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात तो रुंद, वरून किंचित गोलसर घासलेला तुकडा. त्या गोलाईवर तार टेकते न टेकते अशी असते, आणि तारेखाली सुताचा बारीकसा दोरा सरकवला की एका ठराविक जागी आवाज एकदम उमलतो, झणझणतो, त्यात वरचे स्वर ऐकू यायला लागतात. याला जवारी म्हणतात. जवारी काढणं ही त्या कारागिरांची सगळ्यात अवघड कला.

आम्ही एका लांब फळीवर एकच तार ताणली. एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला ती घोडी, खाली भोपळा. मुलांनी करायचं एवढंच की दोरा हळूहळू सरकवायचा आणि आवाज कधी फुटतो ते पकडायचं. खूप मुलांना ते सापडायचं नाही, कारण दोरा केसभर पुढे-मागे झाला की आवाज मरतो. मी ती मांडणी काढून टाकायच्या विचारात होते.

त्याच सुमारास एका कर्णबधिर विद्यालयातली मुलं आली. आवाजाच्या मांडणीपाशी त्यांना नेऊ नये, त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. एक मुलगा आपणच तिथं गेला, तार छेडली, आणि खाली वाकून भोपळ्यावर गाल टेकवला. मग हनुवटी. मग त्याने दुसऱ्याला खुणेने बोलावलं. दहा मिनिटांत ती सगळी मुलं भोपळ्याभोवती गोळा झाली होती, एक तार छेडत होता, चौघांचे गाल भोपळ्याला. आणि त्यातल्या एका मुलीने दोरा सरकवून जवारीची जागा शोधून काढली. कानाने नाही, गालाने. थरथर कशी बदलते ते तिला कळत होतं.

त्यानंतर आम्ही फळी खाली घेतली, भोपळा समोर आणला आणि त्याभोवतीचं संरक्षक कडं काढून टाकलं. आता ऐकू येणारी मुलंही आधी गाल लावतात. दात लावायचा मोह होतोच, कारण दातांतून आवाज थेट डोक्यात शिरतो. त्यासाठी आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या ठेवल्या आहेत. काडीचं एक टोक फळीवर, दुसरं दातांत. एक काडी एकाच मुलाने वापरायची आणि टाकून द्यायची.

कार्यक्रम वेगळा, मांडणी वेगळी

मांडणीपाशी मूल एकटं असतं, कार्यक्रमात तुम्ही सोबत असता. नवीन केंद्र असेल तर मी म्हणेन, पहिले सहा महिने कार्यक्रमच करा. त्यातून कोणत्या मांडण्या हव्यात ते कळतं.

आमचा हळदीचा कार्यक्रम कुठंही करता येतो. हळदपूड पाण्यात दाट कालवायची, पांढऱ्या कागदावर फडक्याने फासायची, सावलीत वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या. प्रत्येक मुलाला दहा पट्ट्या. घरून जे आणाल ते तपासा, असं आदल्या आठवड्यात सांगायचं. अंगाचा साबण, कपड्याची पावडर, शाम्पू, लिंबू, ताक, चिंचेचं पाणी, राख. कपड्याच्या पावडरीच्या पाण्याने पट्टी तांबडीलाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. शाम्पूने बहुधा काहीच होत नाही, आणि तिथं मुलं अडतात, कारण त्यांच्या मते शाम्पू म्हणजेही साबणच. तुम्ही तिथं उत्तर देऊन टाकू नका. एका गटाने घरातल्या सगळ्या फेसाळणाऱ्या वस्तूंची यादी केली आणि फेस येणं वेगळं, पट्टी लाल करणं वेगळं, इथवर ते आपण पोचले. आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, हा शब्द मी त्यानंतर दिला, तेव्हा तो त्यांना लागत होता.

कुंकवाच्या प्रश्नाचं उत्तर याच पट्टीत आहे. पारंपरिक कुंकू हळदीवर चुना किंवा टाकणखार यांसारख्या आम्लारी पदार्थाची प्रक्रिया करूनच होतं. पण खायचा चुना मुलांच्या हातात देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चुन्याचा प्रयोग मोठ्या माणसाने, चष्मा लावून, लांबून दाखवायचा.

शून्य सावलीचा दिवस मात्र थोडक्यात सांगते, कारण तो निसर्गच करून देतो. सांगलीत तो ७ मेच्या आसपास येतो, साताऱ्यात १० मेच्या आसपास. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडत नाही. बारा वाजता नाही, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडे ८२.५ अंशांवरच्या रेखांशाने चालतं. ओळंबा लावून उभा केलेला पाईप, पाण्याची बाटली, काहीही चालतं. अडचण एवढीच की तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणून आम्ही एप्रिलमध्येच मुलांना ओळंबा घरी देऊन पाठवतो, आणि ती आजोळी जातील तिथं सावली मोजतात. एका मुलाने जतहून मोजली, एकीने कराडहून, आणि दोघांचे दिवस वेगळे निघाले. जूनमधला पहिला शनिवार त्यावरच गेला.

पक्कं करताना

पुठ्ठ्यावर जमलं की पक्कं करायचं. इथं मुलांचं ऐकायचं आणि थोडं स्वतःचंही.

हातांनी रोज शंभर वेळा फिरणारी गोष्ट खिळ्यावर टिकत नाही, बेअरिंग लावा. जुन्या गाड्यांच्या बेअरिंग गॅरेजवाले फुकट देतात. खिळा आणि डिंक टाळा, नटबोल्ट वापरा, म्हणजे उघडून दुरुस्त करता येतं. आतली यंत्रणा झाकू नका, जिथं बोट अडकेल तिथं पारदर्शक पत्रा लावा. २३० व्होल्टची वायर मुलांच्या हाताजवळ येऊ देऊ नका, १२ व्होल्टवर बहुतेक सगळं चालतं. चणाफुटाण्याएवढे ताकदवान लोहचुंबक केंद्रात ठेवू नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून जीवावर बेततं. पाच वर्षांची भावंडं येतात हे विसरू नका. सगळ्या कडा हाताने चाचपून बघा, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली एक्सप्लोरेटोरियम उघडलं, तेव्हा मांडण्या बनवण्याचं वर्कशॉप येणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवलं. आमच्याकडे लेथ नाही, एक व्हाइस, एक ड्रिल आणि करवत आहे, पण त्या खोलीचं दार आम्हीही उघडंच ठेवतो. अर्धवट, फसलेली मांडणी बघितली की मूल विचारतं, "हे असं का केलंय?" आणि पुढच्या शनिवारी कामाला येतं. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, आमच्या भागातल्या सहली तिथं जातात आणि जायलाच हव्यात. पण सहलीतलं मूल एकदा येतं. आपल्या दोन खोल्यांत तेच मूल चाळीस वेळा येतं. त्या चाळीस वेळांसाठी मांडणी करायची.

पाटी सगळ्यात शेवटी

पाटी लिहायला मुलांनाच बसवा, आणि मांडणी तयार झाल्यावरच. आधी पाटी लिहिली की मांडणी पाटीसारखी करायचा मोह होतो. पहिल्या ओळीत हाताला काम हवं: दोरा सरकव. चाकी फिरव. गाल टेकव. दुसरीत एखादा प्रश्न. तिसरी असलीच तर लहान. चौथीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, तो जिथं अडखळेल तो शब्द काढा. अपवर्तन, अनुनाद हे शब्द वाईट नाहीत, पण ते कार्यक्रमात, हाताने करून झाल्यावर यावेत. जतकडून येणाऱ्या काही मुलांची घरची भाषा कन्नड आहे. त्यांनी आमच्या सहा पाट्यांखाली कन्नड ओळी लिहिल्या, आणि आता त्यांचे आईवडील पाटी वाचून मुलांना खुणेने बोलावतात. मांडणी कुणी केली ती नावं पाटीवर हवीत, पालकांना विचारून, फक्त पहिली नावं.

शेवटची वस्तू दुरुस्तीची वही. ती दारापाशी दोरीने बांधलेली असते. काय मोडलं, कुणी बघितलं, कुणी दुरुस्त केलं, हे मुलंच लिहितात, आणि महिन्यातला शेवटचा शनिवार फक्त दुरुस्तीचा. एकच मांडणी तीनदा मोडली तर ती उघडून पुन्हा पुठ्ठ्यावर न्यायची. गेल्या महिन्यातली नोंद सहावीतल्या एका मुलीची आहे: "मिरजेची तार तुटली. नवीन लावली, पण ती जाड आहे. दोऱ्याची जागा बदलली. जुनी खूण पुसली आहे, सगळ्यांनी परत शोधायची."